सोनगट्टीचे पुरुष

आमच्यात पत्रिका बघत नाहीत. आजेसासऱ्यांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव, पंचांग आणि नऊच्या नऊ ग्रह एकाच गाठोड्यात बांधून पंचगंगेत सोडले म्हणे. ग्रह गेले, पण लेकीचं लग्न ठरताना आईच्या पोटात जो गोळा येतो, तो काही त्या गाठोड्यात मावला नाही. तो कुठंतरी नेऊन टेकवावा लागतोच. शेजारणी तो गुरुजींपुढं टेकवतात. मी जनगणनेच्या पुस्तकांपुढं टेकवते.

हसू नका. आमचे हे, अण्णासो, गेली दहा वर्षं हसतायत, तेवढं पुरे आहे.

शिवाजी पेठेत आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. एका कॉलेजच्या सरांनी जिल्ह्याची जुनी जनगणना पुस्तकं झेरॉक्सला टाकली होती. एकावन्न सालापासूनचा सगळा गठ्ठा. मशीनमध्ये पान वाकडं गेलं की ती प्रत रद्दीत. त्या रद्दीवर मी डबा खायला बसायची, आणि खाता खाता वाचायची. माझं शिक्षण दहावीच्या अलीकडंच थांबलेलं. पण आकडे इंग्रजीत असले म्हणून काय झालं, ते सगळ्यांना सारखेच. एकेका गावाची एकेक ओळ. घरं किती, पुरुष किती, बायका किती, शेतीवर कोण, मजुरीवर कोण, घरबसल्या काय करणारं कोण. माझ्या माहेरच्या ओळीत एकसष्ट साली ‘घरगुती उद्योग’ या रकान्यात चार बायका होत्या. माझी आजी पैशांवर गोधड्या शिवायची. चौघींतली एक ती असणार, दुसरं कोण असेल? हातातली भाकरी तशीच राहिली होती माझी. आजीचा एक फोटो नाही आमच्याकडं, पण ती मोजली गेली होती.

तेव्हापासून नात्यात कुणाचं स्थळ आलं, की मी त्या गावाची ओळ काढते. नणंदेच्या मुलीच्या वेळी म्हटलं होतं, ह्या गावात प्यायच्या पाण्याच्या रकान्यात ‘नदी’ लिहिलंय, पोरगी घागरी वाहून मरेल. कुणी ऐकलं नाही. आता ती मान धरून दवाखान्यात जाते आणि येताना माझ्याकडं चहा पिऊन जाते.

यंदा आमच्याच घरात स्थळ आलं. आमच्या लेकीला, संघप्रियाला. ती बँकेत आहे, दोन वर्षं गडहिंग्लजच्या शाखेत होती. तिथं जवळच्या एका वाडीत अण्णासोंच्या आत्या राहतात, झुंबरबाई. स्थळ आत्यांनी आणलं असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. खरं तर मुलगा बँकेत गिरणीचे चेक भरायला यायचा आणि चेक एक असला तरी काउंटरवर अर्धा तास लागायचा.

“पोरगं निर्व्यसनी हाय,” आत्या सांगत होत्या. “नागसेन नाव. तंबाखूसुदिक खात न्हाय. पावडरच्या गिरणीत सुपरवायजर हाय, फंड कापून घेत्यात.”

“कसली पावडर?” मी विचारलं.

“पांढरा दगुड भरडत्यात गं. पिठागत बारीक करत्यात. लोखंडाच्या कारखान्यास्नी लागती म्हणं.”

“आणि गाव?”

“सोनगट्टी. कर्नाटकच्या हद्दीला चिकटूनच. चार पावलं गेलीस की कन्नड सुरू.”

“झालं,” अण्णासो म्हणाले. “आता आमचं ज्योतिष कार्यालय उघडणार.”

मी उठलेच होते.

सोनगट्टीची ओळ लहान. पण बघितल्या बघितल्या बोट थांबलं. एकसष्ट साली बायका पुरुषांपेक्षा बऱ्याच जास्त. एकाहत्तरला तेच. एक्क्याऐंशीला तेच. मी आत्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, “आगं, गडी मुंबईला असत्यात की गिरणीत. आमच्या वाडीतबी तसंच हुतं. सणाला यायचे, पोरं दिऊन जायचे.”

हे पटण्यासारखं होतं. मीही आजवर कितीजणांना हेच सांगितलंय. आपल्याकडं पुरुष कमी दिसले की मुंबई म्हणायचं आणि पान उलटायचं. मी पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात कुणाचा तरी प्रबंध स्टेपल करत होते. हात चालत होता, डोकं सोनगट्टीत. मुंबईच्या गिरण्या तर ब्याऐंशीच्या संपानंतर बंद पडल्या. माणसं परत आली. म्हणजे एक्याण्णवच्या ओळीत दिसायला पाहिजेत. मी पुस्तक काढलं. सोनगट्टीच्या शेजारची गावं बघितली, आत्यांची वाडीही बघितली. सगळीकडं पुरुष वाढलेले. गावं पुन्हा समसमान झालेली. सोनगट्टीत कुणी परत आलेलं नव्हतं.

जी माणसं गेलीच नव्हती, ती परत कुठून येणार?

मग मी कामाधंद्याचे रकाने बघितले. शेजारच्या गावांत ‘घरगुती उद्योग’ म्हणजे दोन सुतार, एक कुंभार, संपलं. सोनगट्टीत एकसष्ट साली निम्मेअधिक कर्ते पुरुष त्या रकान्यात. काय करत होते, ते लिहिलेलं नव्हतं. पुढं तो रकाना आटत गेला, आणि दोन हजार एकला तर रिकामाच. आणि तिथं, पहिल्यांदाच, पुरुष आणि बायका जवळजवळ सारखे. मला बरं वाटलं. काय असेल ते संपलं म्हणायचं.

दोन हजार अकराला ‘इतर कामगार’ अचानक फुगले होते, आणि पुरुष पुन्हा घटले होते.

त्यानंतर पान नाही. एकवीस सालची गणना झालीच नाही, नवी आत्ता कुठं सुरू होतेय. सोनगट्टीत मधल्या काळात काय झालं ते कुणीच मोजलेलं नव्हतं.

मी सरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “आक्काताई, गाव लहान आहे. लहान आकड्यांत असे चढउतार निव्वळ योगायोगानंही दिसतात. एका ओळीवरून निष्कर्ष काढू नये.” त्यांचं बरोबर होतं. मी निष्कर्ष काढत नव्हते. मी मुलगी देत होते.

घर बघायला आम्ही रविवारी गेलो. बैठकीला दोन्ही बाजूंची पाच-पाच मोठी माणसं लागतात, त्याशिवाय बोलणी होत नाहीत. आमचे पाच अण्णासोंनी जीपमध्ये कोंबले होते, शिवाय आत्या, मी आणि संघप्रिया. मुलीनं यायची पद्धत नाही, पण तिला कोण सांगणार?

गडहिंग्लज सोडल्यावर रस्ता चांगला होता. ऊस छातीएवढा. मग एका वळणानंतर उसाचा रंग गेला. पाल्यावर पांढरी भुकटी होती, पिठाच्या गिरणीतल्या जाळ्यांवर असते तशी. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. खालची पानं धुतलेली, वरची पुन्हा पांढरी.

गावाच्या तोंडाला शुद्ध पाण्याचं यंत्र होतं, चकचकीत. पाटीवर गिरणीच्या मालकांचं नाव. जीप थांबवून अण्णासोंनी कॅन भरणाऱ्या बाईला रस्ता विचारला आणि जाता जाता म्हणाले, “सोय झक्कास केलीया गिरणीनं.”

“करनारच की,” बाई म्हणाली. “गावाच्या पाण्यातच दोष हाय न्हवं. गडी टिकत न्हाईत पाण्यानं.”

“आणि बायका?” मी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. “बायकांस्नी मानवतंय पाणी,” ती म्हणाली आणि कॅनचं झाकण लावलं.

पारावर, जिथं कुठल्याही गावात पुरुष तंबाखू मळत बसलेले असतात, तिथं बायका बसल्या होत्या. रेशन दुकानात बाई. ट्रॅक्टरवर बाई, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली. अण्णासो खूश झाले. “बघ, शिका जरा कोल्हापूरकरांनी. ह्याला म्हणायचं महिला सबलीकरण!”

मी मागच्या सीटवरून पुरुष मोजत होते.

घर नीटनेटकं. दोन खोल्या नव्या बांधलेल्या, फरशी घातलेली. समोरच्या भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि खाली हार घातलेले तीन फोटो. आम्ही सतरंजीवर बसलो. आमच्या समोर त्यांच्याकडचे पाच बसले. नागसेनची आजी, नागसेनची आई हौसाबाई, एक चुलती, आणि मिसरूड नुकतंच फुटलेले दोन चुलतभाऊ, हातात मोबाईल, कुठं बघावं ते न कळणारे.

अण्णासो अवघडले. बोलणी कुणाशी करायची? शेवटी घसा खाकरून म्हणाले, “जय भीम. आन् कर्ती माणसं? रानात गेल्यात काय?”

“रानातच हाईत की पावणं,” आजी म्हणाली. दात नसलेल्या तोंडानं छान हसली. “वढ्याकडंला. यायची न्हाईत आता.”

चुलतीनं तिच्या गुडघ्यावर चापट मारली. “आत्ती, पावण्यांच्या म्होरं तरी गप बस.”

अण्णासोंनी विषय बदलायला म्हणून भिंतीकडं बघितलं. “हे तिघं भाऊ काय?”

“न्हाय की. ह्यो माझा नवरा,” आजीनं बोट केलं, “ह्यो थोरला ल्योक. आनि ह्यो नागसेनचा बा.”

बाप आणि दोन मुलगे. तिन्ही चेहरे एकाच वयाचे होते. केस काळे, गाल आत गेलेले, तेच नाक. त्याच नाकाचा चौथा माणूस, शर्टाला कडक इस्त्री केलेला, आम्हाला पोह्यांच्या बशा देत होता. देखणा होता. माझ्या लेकीकडं बघायचं टाळत होता आणि ते त्याला जमत नव्हतं. मला तो आवडला. हेच वाईट झालं.

मी चहाच्या निमित्तानं आत गेले. हौसाबाई चुलीपाशी होत्या. गॅस होता, पण पाहुण्यांचा चहा चुलीवर, असा त्यांचा मान. कोपऱ्यात गुळाची अर्धी ढेप फडक्यात बांधलेली.

“चांगला गूळ आहे,” मी म्हटलं.

“गिरणीवाले देत्यात. पोती भरणाऱ्या समद्यास्नी. गूळ खाल्ला की धूळ छातीत बसत न्हाय, पोटात उतरती. सासरे दगुड घडवायचे तवाबी हेच हुतं. रोज सांच्याला खडा.”

“कसले दगड?”

“निसणे. विळं, खुरपी पाजवायचे, धार लावायचे. आमच्या सोनगट्टीचा निसणा पार धारवाडपतोर जायाचा, ताई. घराघरात ठोकायचे. दार लावून, वाऱ्यानं भुकटी डोळ्यांत जाती म्हणून.” त्यांनी चहा गाळला. “मग धारंची तयार चाकं आली बाजारात. धंदा बसला. मग ही गिरणी आली.”

त्या आटत गेलेल्या रकान्यात काय होतं, ते मला कळलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

“मालक कशानं गेले?”

“टीबी लिवला डाक्टरनी. गोळ्या पुऱ्या घेतल्या, एक चुकवली न्हाय. मीच द्यायची हातानं.”

“आणि दीर?”

“टीबीच.”

“सासरे?”

“तवा दमा म्हणायचे.” त्यांनी कपबशा ताटात मांडल्या. एकेक कप सरळ केला, कान एका बाजूला. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “तुमी काय इचारताय ते मला कळतंय, ताई. मी येडी न्हाय.”

त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

“तुमची पोरगी बँकंत हाय. तिची बदली हुतीया. आज कोल्हापूर, उद्या कुठं लांब. बायकोच्या मागं जाईल त्यो. मी सांगून दमले. आईचं ऐकत न्हाय, म्हणतो पगार चांगला हाय, फंड हाय. तिचं ऐकंल.” त्यांनी ताट उचललं आणि माझ्या हातात दिलं. “म्हणून मी व्हय म्हटलं. न्हायतर आमच्यात पोरी कमी हाईत व्हय?”

बाहेर बैठक रंगली होती. तारखेपर्यंत मजल गेली होती.

मी घरी आल्यावर पुस्तकं काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि नको म्हणून सांगितलं.

संघप्रियानं सगळ्या ओळी बघितल्या. बँकेतली आहे, आकडे झटकन वाचते. “आई, ह्यात कुठं लिहिलंय धुळीनं गेले म्हणून?”

“नाही लिहिलं.”

“मग?”

“पुरुष कमी आहेत, एवढंच लिहिलंय. आणि कधी कमी झाले, ते.”

“बरं. मग आपण नको म्हणायचं. आणि तो तिथंच राहायचा, बरोबर? तुझ्या पुढच्या पुस्तकात अजून एक कमी दिसला की तू म्हणायचं, बघा, मी सांगितलं होतं.”

हे लागलं. खरं असलं की जास्त लागतं.

“आणि हो म्हटलं तर?” मी म्हणाले. “भिंतीवर एक खिळा रिकामा आहे तिथं, प्रिया. चौथा. मी बघून आलेय. हार तू घालणार काय?”

अण्णासो उठले, स्टूल घेतलं आणि चांगला चालणारा पंखा खोलायला लागले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्म गेला त्यांचा; घरात असं काही झालं की ते काहीतरी खोलतात.

“मी त्याला सांगणार आहे,” संघप्रिया म्हणाली. “सगळं. तुझ्या ओळीसकट.”

बुधवारी नागसेन दुकानात आला. सकाळची गर्दी ओसरली होती. हेल्मेट काउंटरवर ठेवून म्हणाला, “जय भीम, मावशी. दाखवा की मला आमचं गाव.”

मी नको म्हणू शकले असते. पण त्याचंच गाव, त्याचीच माणसं. पानं पुढं केली. तो बोट ठेवून वाचत गेला, हळूहळू, शाळेतल्या पोरासारखा.

“ह्या एकसष्टात माझा आजा हाय?”

“असणार. हा बघ, घरगुती उद्योग.”

“आणि एकाहत्तरला?”

मी पान पुढं सरकवलं. तो हसला. “न्हाय ना? एकाहत्तरच्या आधीच गेलता त्यो. बा तवा पाळण्यात.” बोट पुढं सरकलं. एक्क्याऐंशी, एक्याण्णव. “आमी समदी पाण्याला शिव्या देतोय, मावशी. दोनदा सॅम्पल पाठवलं पुण्याला. पाणी चांगलं हाय म्हणून आलं, तर आमी म्हटलं लॅबवाल्यांनी पैसं खाल्लं.”

“गिरणीत तोंडाला काय बांधता?”

“रुमाल. साहेब येणार असलं की मास्क.” बोट दोन हजार अकरावर थांबलं. त्यानं रकाना खालवर दोनदा वाचला. “ह्या साली मी बारावीत हुतो. थोरला काका आणि बा, दोघंबी तवा पोती भरायला जायचे.” मग त्यानं पान उलटलं. मागची बाजू कोरी होती. त्यानं ती बाजूही नीट बघितली.

“मावशी,” तो म्हणाला, आवाजात चेष्टा आणायचा प्रयत्न होता, “तुमी ह्यातलं जाणता. माझं किती राहिलं?”

“तसं नसतं रे ह्यात. ह्यात माणसाचं नसतं, गावाचं असतं.”

“मग माणसाचं कशात असतं?”

मी मशीन बंद केलं. शटर त्यानंच ओढलं. रिक्षातून मी संघप्रियाला फोन केला. ती बँकेतून तशीच निघाली, गळ्यात ओळखपत्र लटकत.

सरकारी दवाखान्यात छातीच्या फोटोची रांग जिन्यापर्यंत होती. तो आमच्या दोघींच्या मधे बाकावर बसला. इकडचं तिकडचं बोलत होता. कागलच्या एमआयडीसीत ओळखीचा एकजण आहे, स्टोअरला जागा आहे म्हणतो, पगार कमी आहे पण भागेल. गिरणीत त्याच्या जागेवर कोण येईल तेही त्याला ठाऊक होतं. त्यानं नाव सांगितलं आणि मग वयही. संघप्रिया म्हणाली, “रिपोर्ट काहीही येऊ दे, तारीख बदलायची नाही. आई, ऐकलंस?”

ऐकलं होतं.

त्याचं नाव पुकारलं. शर्ट काढून त्यानं संघप्रियाकडं दिला, अगदी सहज, वर्षानुवर्षं देत आल्यासारखा. दार लागलं. दार पातळ होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं.

“छाती पाटीला लावा. खांदे पुढं. आता मोठा श्वास घ्या. रोखा.”

खोकला.

“हलला तुमी. फोटो हलणार. परत. श्वास घ्या... रोखा.”

पुन्हा खोकला, ह्या वेळी लांब. फोटो काढणारा थांबला. मग आवाज मऊ झाला त्याचा. “घाई न्हाई, पावणं. पाणी प्या. पाच मोजतो मी, तेवढंच धरायचं. घ्या श्वास. एक. दोन. तीन...”

चारच्या आधी खोकला आला. फोटो काढणाऱ्यानं पुन्हा एकपासून सुरुवात केली. पुन्हा तीन. मग पुन्हा.

बाकावर संघप्रिया शर्टाची घडी घालत होती, मोडत होती, परत घालत होती. मी शर्ट घ्यायला हात पुढं केला.

तिनं दिला नाही.